ब्रूनोचे बाबा

सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत शुक्रवारी रात्री नऊच्या सुमाराला पार्किंगमध्ये उभे राहा, हा गृहस्थ भेटतोच. गाडीची डिकी उघडी, कमरेपासून वरचा देह डिकीत, आणि शेजारी पट्टा तोंडात धरून बसलेला एक लॅब्रॅडॉर. गृहस्थाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. वॉचमनच्या वहीत, दूधवाल्याच्या हिशेबात, इतकंच काय, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीतसुद्धा तो 'ब्रूनोचे बाबा' असतो. कुरियरवाला एकदा त्याच्या खऱ्या नावाने चारही विंगा फिरला आणि 'या नावाचे कोणी येथे राहत नाही' असा शेरा मारून पाकीट परत घेऊन गेला. पाकिटात पासपोर्ट होता.

डिकीत काय भरलं जातं ते बघण्यासारखं असतं. नवरा-बायकोचं सामान एका सॅकमध्ये. ब्रूनोचं तीन सॅकांमध्ये. पाण्याचा घडीचा वाडगा, छातीपट्टा, चार बूट, रेनकोट, थंडीचं जाकीट, गोचीड काढायचा चिमटा, मीठ न घातलेला चिकन-भात, उकडलेला लाल भोपळा. प्लॅस्टिकच्या फोल्डरात रेबीजच्या लशीचा दाखला आणि महापालिकेचा परवाना. शिवाय एक लाइफ जॅकेट. "राजमाचीला समुद्र कुठाय हो?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "उदयसागर तलाव आहे. ब्रूनोला पाण्याचं आकर्षण आहे." स्वतःचा स्वेटर घरी राहिलाय हे त्याला लोणावळ्यात कळलं.

एके काळी हा माणूस पाठीवर एक सॅक टाकून पहाटेच्या लोणावळा लोकलने निघायचा. आता रेल्वे बाद झाली. रेल्वेत कुत्र्याला न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. लोकलला कूपेही नाही आणि पेटीही नाही. म्हणून गाडी आली. हप्ता मोठा आहे, पण त्याबद्दल कुणी काही बोलायच्या आत तो सांगून टाकतो, "गाडी ब्रूनोसाठी घेतली."

या माणसाची खरी ओळख या वाक्यात आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याने स्वतःसाठी म्हणून काहीही केलेलं नाही. स्वतःच्या आवडीनिवडी, भीती, आळस, भूक, झोप हे सगळं त्याने ब्रूनोच्या नावावर करून दिलं आहे. सिंहगड घरापासून इतका जवळ, तिकडे का जात नाही? "ब्रूनोला गर्दी चालत नाही." शनिवारी ऑफिसच्या मीटिंगला का नव्हतास? "ब्रूनोला एकटं ठेवता येत नाही." मावससासऱ्यांच्या पंचाहत्तरीला? "ब्रूनोचं पोट बिघडलं होतं." महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. बारी गावातून निघालं की वाटेत लोखंडी शिड्या लागतात. ब्रूनोच्या आधी एकदा हा पहिल्या शिडीपाशी बराच वेळ बूट बांधत बसला होता आणि मग खालीच थांबला. आता कळसूबाईचं नाव काढलं की तो खेदाने मान हलवतो. "ब्रूनोला शिडी जमत नाही हो."

त्याचे काही नकार मात्र अगदी रास्त असतात. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही नावं त्याने यादीतून कधीच खोडली आहेत. ती अभयारण्यं आहेत. पाळीव कुत्रा तिथे न्यायचा नसतो. डिस्टेंपरसारखा रोग पाळीव कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांना लागू शकतो. हे तो इतक्या पोटतिडकीने सांगतो, की समोरच्याला लांडगा म्हणजे त्याचा चुलतभाऊ वाटावा.

गड निवडून झाला की मुक्कामाचे फोन सुरू होतात. पवना धरणाच्या काठावर तंबूंची ओळच्या ओळ आहे; बार्बेक्यू मिळतो, गाणीबजावणी असते, पण कुत्रा म्हटलं की मालक आढेवेढे घेतो. अशा वेळी ब्रूनोचे बाबा थेट महाभारतात शिरतात. "अहो, धर्मराजाने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार दिला. इंद्र स्वतः रथ घेऊन आला होता. आम्ही तर फक्त तंबू मागतोय." त्याने भागलं नाही तर दत्तगुरू. "त्यांच्याबरोबर चार असतात, माझ्याबरोबर एकच आहे." एका मालकाने यावर दिलेलं उत्तर मी स्पीकरवर ऐकलं आहे. "साहेब, स्वर्गातल्या गाद्या इंद्राच्या होत्या. इथल्या माझ्या आहेत."

म्हणून आम्ही राजमाचीला गेलो. मला न्यायचं कारणही ब्रूनोच होता. त्याला म्हणे माझा वास ओळखीचा आहे.

लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आणि दगडधोंड्यांचा. नवरा-बायको पुढे, मी मागे, आणि ब्रूनो अर्धा माझ्या मांडीवर. प्रौढ लॅब्रॅडॉरचं वजन तीस किलोच्या आसपास असतं आणि दर खड्ड्याला ते नव्याने समजतं. या प्रवासात मला कळलं की या घरात बोलणंही ब्रूनोमार्फत चालतं.

"ब्रूनो, बाबाला सांग, वळण मागे गेलं."

"ब्रूनो, आईला सांग, मॅप मी बघतोय."

"ब्रूनो, बाबाला विचार, मॅप बघतायत तर मग समोर दरी कशी आली?"

ब्रूनो खिडकीतून बाहेर बघत होता. वकिलाला दोन्ही पक्षांची फी मिळत असली की तो असाच शांत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनकडे निघालो. राजमाचीला दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. त्यातला श्रीवर्धन उंच. गावातून निघताना एक तांबडं गावठी कुत्रं न बोलावता आमच्या पुढे चालू लागलं. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर हे वाटाडे असतात. बूट नाहीत, जाकीट नाही, परवाना नाही. मानधन म्हणजे बिस्किटाचा एक पुडा, तोही वर पोचल्यावर. हे कुत्रं दर वळणावर थांबून मागे बघायचं, आणि ब्रूनो चार बुटांत पाय उचलून उचलून टाकत यायचा. पहिल्या चढावर एक बूट पडला, दुसऱ्यावर दुसरा. तिसरा तांबड्याने नेला. चौथा बाबांनी काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ब्रूनोला नैसर्गिक चालू दे."

बूट गेल्यावर काळजी वाढली. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यामुळे ऊन चढलं की त्याला चटकन उष्माघात होऊ शकतो आणि तापलेल्या दगडाने तळवे भाजतात. त्यासाठी एक परीक्षा असते. तळहाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवून धरायची. आपल्याला सोसवलं तर कुत्र्याला सोसवतं. दरवाजा जवळ आला तसा हा गृहस्थ पायरीपायरीला वाकायचा, हात उलटा टेकवायचा, डोळे मिटून सात आकडे मोजायचा आणि कपाळावरचा घाम पुसायचा. मागून पिंपरीच्या कॉलेजातली दहा-बारा मुलं येत होती. त्यांनी हे बघितलं. आपापसात काही कुजबुजली. मग पहिल्याने पायरीला हात लावून कपाळाला लावला. मग दुसऱ्याने. पाचव्या मिनिटाला सगळी रांग पायरीपायरीला वाकत वर येत होती. एकाने वर पोचल्यावर विचारलं, "काका, डोळे मिटून पुटपुटत होता तो मंत्र कोणता?"

"ब्रूनोसाठी होता," काका म्हणाले. मुलांनी आदराने मान लववली.

दमायचंही ब्रूनोनेच. चढावर बाबांचा भाता सुरू झाला, चेहरा लाल झाला, की ते कातळाला टेकून म्हणायचे, "थांबू या. ब्रूनो दमलाय." ब्रूनो त्या वेळी वीस पावलं पुढे तांबड्याशी खेळत असायचा. गुडघ्याचंही तेच. लॅब्रॅडॉरला म्हातारपणी कमरेच्या सांध्यांचा त्रास होतो हे खरं आहे, आणि ब्रूनोला आता सातवं लागलं आहे. पण उतरताना पायरीवर आडवं होऊन, एका हाताने भिंत धरून, "ब्रूनोचे सांधे जपायला हवेत" असं म्हणत उतरणारा माणूस नेमके कुणाचे सांधे जपत होता, ते वहिनींना आणि मला दिसत होतं.

खाली आल्यावर झडती. अंगणात चटई टाकून ब्रूनोला उलटा-सुलटा केला गेला. कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. गोचिडामुळे ताप येतो, रक्तपेशी घटतात, प्रसंगी कुत्रा दगावतो. त्यामुळे इथे हयगय नाही. तीन गोचिडं निघाली. चौथं वहिनींनी बाबांच्या मानेवरून काढलं. "बघा, ब्रूनोवर बसायच्या ऐवजी माझ्यावर बसलं," असं ते ज्या समाधानाने म्हणाले, ते समाधान मी मुलाला आयआयटीत प्रवेश मिळालेल्या बापाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

ज्यांच्या अंगणात तंबू टाकला होता त्या आजींनी संध्याकाळी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, "कुत्रं रातच्याला भाईर ठिवू नका. वाघरू येतंय." यात अतिशयोक्ती नव्हती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. ही माहिती मी दिली नसती तर बरं झालं असतं. कारण त्या रात्री दोघांच्या तंबूत चौघे झोपलो. म्हणजे तिघे झोपलो. ब्रूनो स्लीपिंग बॅगमध्ये, वहिनी एका कडेला, मी दाराशी, आणि बाबा टॉर्च घेऊन बसलेले. बाहेर पान वाजलं की ते म्हणायचे, "ब्रूनो घाबरलाय." ब्रूनो घोरत होता. तांबडा बाहेर, चुलीच्या राखेत.

दुसरी गोष्ट त्याआधीची, जेवणाच्या वेळची. आजी परातीत भाकरी थापत होत्या आणि हा गृहस्थ त्यांना ब्रूनोच्या पथ्याची यादी ऐकवत होता. कांदा नको, कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षं, मनुका नकोत, मूत्रपिंडं जातात. चॉकलेट तर विषच. मीठ नको, मसाला नको. आजींनी तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतलं लाकूड आत सारलं, आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. तुमी काय खानार?"

तो गप्प झाला. हा प्रश्न त्याला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसावा. ब्रूनोकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, चुलीवरच्या कढईकडे पाहिलं. पुष्कळ विचार करून म्हणाला, "ब्रूनोला पिठलं आवडतं."

"पिठल्यात कांदा हाय."

"मग ब्रूनोचं मी खातो."

तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. वर ठेचा.

लोक त्याला हसतात. 'एवढं आईबापांचं करत नाहीत' हे ठेवणीतलं वाक्य सोसायटीत त्याच्या पाठीमागे दर रविवारी म्हटलं जातं. ते खोटं आहे. आईला तो दर बुधवारी दवाखान्यात नेतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. आपल्या घरांत 'मला दोन दिवस कुणी नको आहे, मी डोंगरात जाऊन बसणार आहे' असं सरळ म्हणायची पद्धत नाही. म्हटलं तर घरचे ताप बघतात. पूर्वी अशा वेळी देव उपयोगी पडायचा. 'कुलदैवताला जाऊन येतो' म्हटलं की बायको दशम्या बांधून द्यायची आणि साहेब रजा द्यायचा. जेजुरीला गेलेला माणूस तिथे दोन दिवस नुसता पायरीवर बसून आला तरी कुणी हिशेब मागत नसे. आता देवाला दर शनिवारी जाता येत नाही, साहेबालाही ते पटत नाही. कुत्र्याचं मात्र पटतं. मुका जीव आहे, काय करणार! खंडोबाच्याही पायाशी कुत्रा असतोच. या गृहस्थाने फक्त मधला खंडोबा काढून टाकला आहे.

ब्रूनोची याला हरकत नाही. चार पायांचा हा कुलमुखत्यार आठवड्याचे पाच दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत झोपतो आणि उरलेले दोन दिवस आपल्या नावावर चाललेला कारभार शेपूट हलवून मंजूर करतो. त्याच्या जिवावर एक माणूस आठवड्यातून दोनदा सूर्योदय बघतो, पोटभर जेवतो आणि बायकोशी का होईना, कुणामार्फत का होईना, तासन्‌तास बोलतो. औषधापेक्षा हे स्वस्त पडतं, गाडीचा हप्ता धरूनही.

तेव्हा तुमच्याही जिन्यात असे कुणाचे बाबा राहत असतील तर त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्याबरोबर गडावर जायचा योग आला तर बिस्किटाचा एक जादा पुडा खिशात ठेवा, तांबड्यासाठी, आणि रिकामं वेष्टण खाली घेऊन या. आणि घरात कार्य निघालं, त्यांनी यावं असं मनापासून वाटत असलं, तर मुहूर्त मंगळवारचा काढा.