विषय : कोऱ्या पिशवीचा अपराध

प्रति,
मा. व्यवस्थापक, प्रशासन व सुविधा विभाग,
चौथा मजला (लॉबीतली हिरवी पाटी ओलांडून लिफ्टने वर, मग डावीकडे), पुणे.

विषय : साफसफाई करणाऱ्या मावशींनी कचऱ्याची कोरी पिशवी फेकून न दिल्याबद्दल त्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी कापल्याबाबत अभिनंदन.

महोदय,

अर्जदार चौथ्या मजल्यावर खिडकीशेजारी बसतो आणि गेली सहा वर्षं आपल्या स्वच्छतेचा लाभार्थी आहे. मागल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजता आपल्या विभागाने जी कर्तव्यदक्षता दाखवली, तिची नोंद चार लोकांत व्हावी म्हणून हे पत्र खुलं ठेवलं आहे.

घडलं ते एवढंच. अर्जदाराच्या टेबलाखालच्या डब्यात त्या दिवशी एकच वस्तू होती : स्टेपलरच्या पिनांचं रिकामं खोकं. मावशींनी खोकं उचलून ट्रॉलीत टाकलं आणि डब्यातली काळी पिशवी तशीच राहू दिली. शेजारच्या टेबलाचा मालक आठवडाभर रजेवर, त्याच्या डब्यात तर काहीच नव्हतं. तिथलीही पिशवी त्यांनी राहू दिली. सुपरवायझरने दोन्ही डब्यांचे फोटो काढले, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि ‘पिशवी बदलली नाही’ या गुन्ह्यासाठी मावशींची अर्धी हजेरी गेली. चेकलिस्टमध्ये रकाना आहे. रकान्यात बरोबरची खूण हवी. खूण करायची तर रिकाम्या डब्यातली रिकामी पिशवी काढून तिच्या जागी दुसरी रिकामी पिशवी लावायला हवी. सरकारी कामातही इतकी निर्मळ निरर्थकता आता दुर्मिळ झाली आहे.

“दादा, घरी मी दुधाची पिशवी धुऊन चार वेळा वापरते,” मावशी म्हणाल्या. “इथं एकदा जास्त वापरली तर कामचोर.”

अर्जदाराने मग बोटांवर हिशेब केला. मजल्यावर टेबलं शंभर. महिन्याचे कामाचे दिवस बावीस. म्हणजे महिन्याला २,२०० पिशव्या आणि वर्षाला २६,४००, एका मजल्याच्या. इमारतीला मजले नऊ. यातल्या कितीतरी पिशव्यांनी आयुष्यात कचरा पाहिलेलाच नसतो. कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यातून डब्यात आणि डब्यातून थेट मोठ्या काळ्या पिशवीत. कचऱ्यासाठी आणलेली वस्तू स्वतःच कचरा होते, बाकी काही करत नाही.

मोठ्या काळ्या पिशवीचीही एक गंमत आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलं, की कचरा ज्याने केला त्यानेच तो जागच्या जागी वेगळा करावा. आपण लगेच पॅन्ट्रीत तीन रंगांचे तीन देखणे डबे मांडले, वर केळ्याच्या सालीचं आणि बाटलीचं चित्र लावलं. लोक चित्रं बघून, क्षणभर विचार करून, प्रामाणिकपणे कचरा टाकतात. संध्याकाळी सात वाजता एकच ट्रॉली येते, तिला एकच पिशवी. तिन्ही डबे तिच्यात उपडे होतात. वरून चहाचा चोथा, खाली प्रिंटरचे कागद. चहात भिजलेला कागद कुठलाच भंगारवाला घेत नाही आणि प्लास्टिक मिसळलेल्या चोथ्याचं खत होत नाही.

हे त्या शहरात चालतं, जिथल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली आणि पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतर्फे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. आपण पिशवीला मारलेली गाठ शेवटी कुणाच्या तरी नखांनी सुटते. ती सोडवणारीला तीन रंगांचे डबे कधीच दिसत नाहीत. तिला आत फक्त लगदा सापडतो. आणि जे तिच्याही हातून वेगळं होत नाही, त्याचं काय होतं हे कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विचारावं. शहराचा कचरा आमच्या दारात नको, म्हणून त्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या, ते पुण्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राला पाठ आहे.

इतर कामगिरीचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. हात पुसायला एकाला एक जोडून बाहेर येणारे चार टिश्यू. मुताऱ्यांत डांबराच्या गोळ्या, ज्यांच्यातल्या नॅप्थलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारक पदार्थांत बसवलं आहे. स्टीलचे पेले बाद करून आणलेले कागदी कप, ज्यांत आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपातल्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात पंधरा मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरलेले आढळले. दर शनिवारची जंतुनाशकाची धुरी, जी कोरोनात सुरू झाली आणि कोरोना गेल्यावरही मुक्कामाला राहिली, जरी घरात-कार्यालयात अशी फवारणी करू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. दारातलं पायपुसणं, ज्यावर कंपनीचं बोधचिन्ह असल्याने कुणी पाय पुसत नाही आणि मग बाहेरची सगळी धूळ आत येऊन फरशी दिवसातून तीनदा पुसावी लागते. शिवाय २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी : साहेबांच्या हाती नवा कोरा झाडू, समोर कॅमेरा. झाडूवरचं प्लास्टिक काढायचं मात्र राहून गेलं.

लॉबीतल्या ‘हरित इमारत’ लिहिलेल्या हिरव्या पाटीबद्दलही दोन शब्द. भारतात या पाट्यांचा मान वाढला तो २००३ पासून, जेव्हा हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला अमेरिकेबाहेरचं पहिलं ‘लीड प्लॅटिनम’ मानांकन मिळालं. त्याच लीडच्या, वापरात असलेल्या इमारतींसाठीच्या नियमांत हरित साफसफाईचं धोरण असणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही ते आहे. अर्जदाराने मागून घेऊन वाचलं. त्यात मोजून रसायन घालण्याची पद्धत आहे, मायक्रोफायबरची फडकी आहेत, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे. धोरण उत्तम आहे. फाईल त्याहून उत्तम आहे, एकाही पानाला हाताचा डाग नाही.

आता अभिनंदन पुरे.

फिनेलच्या ड्रमला मापाचं झाकण नाही, साहेब. मावशी अंदाजाने ओततात. वास आला तर ठीक, नाही तर आणखी एकदा. कारण फरशी पुसल्याचा पुरावा म्हणून आपल्या माणसांना नाकात झिणझिण्या हव्या असतात. प्रमाणाबाहेर ओतलेल्या रसायनाचा चिकट थर फरशीवर राहतो, त्या थरावर धूळ लवकर बसते, मग पुन्हा पोछा, पुन्हा फिनेल. मार्चमध्ये पुरुषांच्या स्वच्छतागृहात संडास धुण्याचं ॲसिड टाकल्यावर त्यावरच ब्लीच ओतलं गेलं. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. हे शाळेच्या पुस्तकातलं रसायनशास्त्र आहे; बाटल्यांवरही लिहिलेलं असतं, बारीक इंग्रजीत. मावशी जिन्यात बसून अर्धा तास खोकत होत्या. त्या दिवशी कुणाचीच हजेरी कापली गेली नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांवर लोकांच्या फुप्फुसांची वीस वर्षांची नोंद तपासून २०१८ साली जे मांडलं, ते आपल्या धोरणाच्या फाईलमध्ये नाही : साफसफाईचं काम करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद इतर बायकांपेक्षा लवकर घटते आणि ही घट बरीच वर्षं सिगारेट ओढल्याने होणाऱ्या घटीशी तुलना करण्याजोगी आहे. ज्या बाईने आयुष्यात विडी ओढली नाही, तिला आपण रोज आठ तास हे ओढायला लावतो. पगार देताना आपण तिचे तास मोजता. ड्रम उपडा करताना एक झाकण मोजत नाही.

साधं ओलं मायक्रोफायबर फडकं टेबलावरची धूळ नुसत्या पाण्याने उचलतं. त्याचे धागे केसाहून कितीतरी बारीक असतात आणि ते शेकडो वेळा धुता येतं. रोजच्या टेबलाला, दाराच्या मुठीला साबण-पाणी बहुधा पुरतं, हे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये, ऐन कोरोनात सांगून टाकलं. यातलं बरंचसं मावशींना कुणी शिकवण्याची गरज नाही. त्यांच्या घरी जुन्या लुगड्याचं फडकं असतं, बादलीभर पाणी असतं आणि चपला दाराबाहेर असतात. त्यांनी हेच शहाणपण कामावर आणलं, तर आपण त्यांना दंड केला.

इथवर लिहून अर्जदार पत्र पाठवणार होता. मग त्याने आपल्या जुन्या ईमेल चाळल्या.

दोन वर्षांपूर्वी, महोदय, आपणच एक प्रस्ताव मांडला होता. टेबलाखालचे सगळे डबे काढायचे आणि प्रत्येक मजल्यावर दोन ठिकाणी मोठे, वेगवेगळे डबे ठेवायचे. उठून चार पावलं चाला, टाका. पिशव्या शंभरावरून चारवर. पंधरा दिवसांत आपल्याकडे अकरा तक्रारी आल्या. ‘चहाची पिशवी टाकायला दर वेळी उठायचं का?’ ‘स्वच्छता खालावली आहे.’ ‘मजल्यावर फिनेलचा वाससुद्धा येत नाही.’ वरच्या साहेबांनी प्रस्ताव मागे घ्यायला लावला आणि डबे परत आले. त्या अकरांतली तिसरी तक्रार अर्जदाराची आहे. तारीख, वेळ, सगळं जपून ठेवलेलं आहे. भाषा उद्धट आहे.

ठेकेदाराचं बिलही अर्जदाराला आता ठाऊक झालं आहे. सर्वांत कमी बोलीचा ठेका, त्यात मजुरीवर काही सुटत नाही. पिशव्या, टिश्यू आणि फिनेल मात्र वापरतील तसे लावायचे. पिशवी वाचली तर ठेकेदाराचं नुकसान. वास आला नाही तर आपल्यावर तक्रार. खूण नसेल तर सुपरवायझरच्या बोकांडी. या साखळीत पिशवी वाचवण्यात एकाही माणसाचा फायदा नाही, आणि जिने वाचवली तिला भुर्दंड. आपण स्वतः घरून स्टीलचा पेला आणता आणि तो स्वतः विसळता, हे अर्जदाराने पाहिलं आहे. आपण रात्री आठला उरलेल्या कागदी कपांची थप्पी मोजत उभे असता, तेव्हा चेहरा कसा होतो तेही.

तरी विनंती अशी, की मावशींची अर्ध्या दिवसाची हजेरी या महिन्याच्या पगारात परत जमा व्हावी. चेकलिस्टमधला ‘पिशवी बदलली का’ हा रकाना खोडून तिथे ‘पिशवी खराब होती का’ असं छापावं. पुढच्या ठेक्यात पिशव्यांचा आणि रसायनांचा खर्च ठरावीक रकमेत बांधावा, म्हणजे वाचवण्यात ठेकेदारालाही गोडी लागेल. फिनेलच्या ड्रमला मापाचं झाकण लावावं आणि ॲसिड व ब्लीच एकत्र करू नये, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावं. डबे काढण्याचा जुना प्रस्ताव पुन्हा मांडावा. अकरापैकी एक तक्रार या पत्राद्वारे मागे घेतली आहे; उरलेल्या दहा जणांशी अर्जदार जेवणाच्या सुट्टीत बोलून घेईल. त्यातले दोघे ऐकणार नाहीत.

कळावे,
आपला,
अर्जदार

सोबत :
१) टेबलाखालचा डबा, १ नग (आपल्या केबिनबाहेर ठेवला आहे).
२) काळी पिशवी, १ नग. मागल्या मंगळवारपासून तीच.