सरासरी बघून संस्कार

विराट कोहलीने दिलेली शिवी चांगली की वाईट, हे धावफलक बघितल्याशिवाय सांगता येत नाही. शतक ठोकल्यावर दिली असेल तर ती आक्रमकता. आमच्या शेजारचे काका अशा वेळी मांडीवर थाप मारून "याला म्हणतात जिगर!" असं ओरडतात. तीच शिवी शून्यावर बाद होऊन परतताना ओठांवर दिसली की काकांना एकदम संस्कार आठवतात. "आमचा सचिन बघा. चोवीस वर्षं खेळला, कधी तोंडातून ब्र तरी?" नाही, हे खरंच. 2003 साली ब्रिस्बेनला स्टीव्ह बकनर या पंचांनी सचिनला चुकीचं पायचीत दिलं, तेव्हासुद्धा तो गुपचूप चालू लागला. त्याच्या वाटच्या शिव्या देशाने घरोघर वाटून घेतल्या. काकांच्या वाट्याला आलेल्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आल्या होत्या.

पूर्वी बरं होतं. खेळाडू काय बोलतो ते मैदानातच राहायचं. मग स्टंपमध्ये माइक बसवला. चेंडू बॅटला घासून गेला की नाही, हे ऐकायला. चेंडू घासणार कधीमधी, माणसं बोलणार दिवसभर. त्यात 2018 च्या अखेरीस आयसीसीने खेळ थांबलेला असतानाही माइकचा आवाज चालू ठेवायची मुभा प्रक्षेपणवाल्यांना दिली आणि कसोटी क्रिकेट खऱ्या अर्थाने श्रवणीय झालं. 2024 मध्ये विशाखापट्टणमला रोहित शर्माने आपल्या तरुण क्षेत्ररक्षकांना, बागेत फिरल्यासारखं मैदानात फिरू नका, असा वडीलकीचा सल्ला दिला. सल्ल्याचं शेपूट छापण्यासारखं नव्हतं. ते अख्ख्या देशाने ऐकलं, आणि अख्खा देश खूश झाला. मालिका जिंकल्यावर रोहितने त्याच पोरांबरोबरचा फोटो बागेचा उल्लेख करूनच टाकला. मी काकांना मुद्दाम विचारलं, "आता संस्कार कुठे गेले?" काका म्हणाले, "अगं, ती शिवी नव्हेच. बोरिवलीत असंच बोलतात." काकांचं बालपण बोरिवलीत गेलंय, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द प्रमाण.

आयसीसीच्या आचारसंहितेत शिवीला शिक्षा आहे. सामन्याच्या मानधनाच्या निम्म्यापर्यंत दंड होतो. पण गुन्ह्याचं नाव काय, तर 'ऐकू येणारी' अश्लीलता. ऐकू न येणारीला या कलमात बंदी नाही, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. आपली सगळी मध्यमवर्गीय सभ्यता याच कलमावर उभी आहे. आमची वर्तमानपत्रं शिवीचं पहिलं अक्षर छापतात आणि पुढे फुल्या मारतात. शब्दकोड्यात अडकणारी माणसंसुद्धा त्या फुल्या पेन न उचलता भरतात. दादा कोंडक्यांनी सिनेमात तर फुलीचीही गरज ठेवली नाही. शब्द त्यांचे साजूक, अर्थ प्रेक्षकाने घरून आणायचा. सेन्सॉरने कात्री लावायची कुठे? एवढं होऊनही 2015 मध्ये सेन्सॉर बोर्डाने वर्ज्य शब्दांची यादीच काढली. एका सरकारी कचेरीत कुणीतरी ती गंभीर चेहऱ्याने टाइप केली असणार, कुणीतरी शुद्धलेखन तपासलं असणार. त्याच दिवसांत एका गाण्यातल्या 'बॉम्बे' या शब्दावरही बीप वाजला. बीपच्या आड नेमकं काय असेल, याच्या ज्या कल्पना लोकांनी केल्या असतील, त्यापेक्षा बॉम्बे बरं होतं.

बाईने शिवी दिली की मात्र धावांची सरासरीही उपयोगी पडत नाही. 2018 मध्ये 'वीरे दी वेडिंग' आला. त्यात करीना कपूर, सोनम कपूर, स्वरा भास्कर या मुली मैत्रिणींत बसल्यावर तोंड सोडून बोलतात. काकांनी सिनेमा बघितला नाही. निषेध करायला बघावा लागत नाही. त्याच वर्षी 'सेक्रेड गेम्स' ही शिव्यांनी भरलेली वेबमालिका आली, ती त्यांनी कानात इअरफोन घालून शेवटापर्यंत बघितली. "तो अभिनय आहे. शिवाय त्यातला गायतोंडे म्हणजे आपलाच माणूस." आणि वर खंत अशी, की आमच्या काळी बायका असं बोलत नसत. आमच्या काळी म्हणजे, आचार्य अत्रे 'मराठा'त विरोधकांना सोलून काढत होते आणि काकांचे वडील ते मोठ्याने घरात वाचून दाखवत होते, त्या काळी.

बायका बोलत नसत, हे ऐकून आमच्या सासूबाईंनी निवडायच्या मेथीतून मान वर केली. त्यांचं माहेर लोणंदकडचं. तिथे जवळच सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. लेकी, सुना, आज्या, सगळ्या. याला बोरीचा बार म्हणतात. बंदोबस्ताला पोलीस असतात, ते शिव्या थांबवायला नव्हे. ओढ्यात उतरलेल्या बाया पलीकडे पोचू नयेत म्हणून.

"म्हणजे जाहीर? पोलिसांसमोर?" काका सावरून बसले. "काय म्हणतात हो, वहिनी?"

"कुणाला ठाऊक! दोन्हीकडं वाजप इतकं दणक्यात असतं, की एक अक्षर ऐकू येत नाही, भावजी."

म्हणजे आयसीसीच्या नियमात अगदी चोख बसणारं. काकांचं समाधान होईना. "ऐकू येत नाही, तर पलीकडचीला कळणार कसं?"

"हातावरनं."

"हातावरनं म्हणजे कसं?"

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली, पदर खोचला, आणि करून दाखवलं.

काका चहाला थांबले नाहीत.