शनीची की बसऱ्याची?

वर्ध्यात माणसाच्या बोटात सोन्याशिवाय दुसरी कुठलीही अंगठी दिसली की तिच्यामागे ज्योतिषी आहे, हे लोक धरूनच चालतात. तांब्याची असेल तर सूर्य, लोखंडाची असेल तर शनी, आणि तीही काळ्या घोड्याच्या नालेचीच पाहिजे. ॲल्युमिनियमला मात्र आपल्या शास्त्रात ग्रह नेमून दिलेला नाही. त्यामुळे माझ्या बोटातली पांढुरकी, एका अंगाने चेपलेली अंगठी पाहून बसस्टँडवरची माणसं अस्वस्थ होतात.

“कोनं सांगतली जी हे?”

“कुणी नाही हो. बसऱ्याची आहे.”

“मंग साडेसाती हाय म्हना ना सरळ!”

त्यांचं तसं चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या एप्रिलमध्ये, हिंदी फौजा इराकमध्ये बसरा बंदरात उतरल्या आणि पुढची काही वर्षं त्या भागात ठाण मांडून राहिल्या. तिथलं ऊन आपल्या मे महिन्यालाही ‘तू बस जरा’ म्हणणारं. अशा ठिकाणी सप्लायच्या कामावर असलेल्या, आमच्याच जिल्ह्यातल्या एका जवानाने रिकाम्या वेळात ही अंगठी घासून काढली आणि खिळ्याने वर ‘बसरा’ असं कोरलं. ‘ब’ ऐसपैस, जमीनदारासारखा बसलाय. ‘स’ही खाऊनपिऊन सुखी. तिथवर पोचल्यावर त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं असावं की अंगठी गोल असते आणि ती कुठेतरी संपते. मग ‘रा’ कसाबसा उभा राहिलाय, त्याचा काना पुन्हा ‘ब’च्या पोटात शिरलाय. शिरोरेघ ओढताना खिळा घसरला आणि थेट अंगठीच्या काठाबाहेर गेला. साल घालायला जागाच नव्हती, म्हणून १९४३ आतल्या बाजूला.

खिळ्याने देवनागरी कोरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. रोमन लिपीतली मोठी अक्षरं बहुतेक उभ्या-आडव्या काड्यांची. ती अडाणी हातालाही साधतात. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला पोट आहे, वेलांटी आहे, आणि वरून सगळ्यांना एका रेघेत धरायचा आग्रह आहे. मी जमवलेल्या अशा फौजी अंगठ्यांपैकी बऱ्याच अंगठ्यांवर मराठी माणसाने आपलं नाव इंग्रजीत का घातलंय, याला इंग्रजांची गुलामी हे एक कारण असेल. माझ्या मते ‘ळ’ हे दुसरं.

जगात सैनिकांनी हाताने केलेल्या अशा अंगठ्यांचे मोठे शौकीन आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिक येऊन पडलेल्या जर्मन तोफगोळ्यांच्या फ्यूजमधलं ॲल्युमिनियम वितळवून खंदकातच अंगठ्या करत आणि घरी धाडत. शत्रूने आपल्यावर फेकलेल्या मालातून बायकोला दागिना करायचा, ही काटकसर आपल्याकडच्या कुठल्याही सासऱ्याने डोक्यावर घ्यावी अशी. पुढच्या युद्धात अमेरिकन सैनिक चांदीचं नाणं काठावर उभं धरून चमच्याने ठोकत बसायचे. तासन्‌तास ठोकलं की कड पसरते, मधलं पोखरून काढलं की अंगठी तयार. बराकीतल्या शेजाऱ्याने हे कसं सोसलं असेल, यावर मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आमच्या जिल्ह्यात हा छंद करणं म्हणजे वाळवंटात होडी विकत घेणं. मुळात अंगठीला इथली हवाच मानवत नाही. गांधीजींचा हरिजन दौरा १९३३ च्या ७ नोव्हेंबरला निघाला तो वर्ध्यातूनच. त्या दौऱ्यात ते बायकांकडे अंगावरचे दागिने मागायचे आणि तिथल्या तिथे लिलाव पुकारायचे. त्यातून जे वाचलं ते लग्नकार्यात सराफाकडे गेलं. सराफ हा इतिहासाचा शत्रू आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कोरलेलं नाव, गाव, तारीख यातलं काहीही त्याच्या तराजूत चढत नाही. एका सराफी दुकानात आटणीला आलेल्या चिजांत मला चांदीची अंगठी दिसली होती, आतल्या बाजूला वेडीवाकडी अक्षरं. मी भिंग काढेस्तोवर मालकाने ती आगीत टाकली होती. वर मलाच म्हणाला, “साहेब, चांदी काही खास नव्हती.”

नसणारच. अंगठी बहुधा युद्धातल्या रुपयाची असणार. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून थेट निम्म्यावर आणली आणि बाकीची मिसळ भरली. नकली पाडता येऊ नये म्हणून कडेला खास खाच दिली. म्हणजे चांदी आपणच काढून घ्यायची आणि चोरांपासून जपायची ती कड. त्या रुपयाच्या अंगठ्या काळ्या पडतात, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या त्यांना नावं ठेवतात आणि पहिल्या संधीला मोडीत घालतात.

यातून मला जे व्यावसायिक ज्ञान मिळालं ते असं: जिला काही किंमत होती ती अंगठी वितळली, जिची काहीच किंमत नव्हती ती उरली. म्हणून मी सराफा लाईन सोडली आणि कबाड्यांकडे जायला लागलो. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, जिथे तराजूवर रद्दी आणि पायाशी पितळ असेल तिथे मी उकिडवा बसलेला असतो. माझ्या सासुरवाडीच्या एका पाहुण्याने मला असं पाहिलं आणि घरी जाऊन ‘जावईबापूंचं बरं चाललंय ना?’ अशी चौकशी केली.

या कबाडातला माझा लाडका ऐवज म्हणजे भोकाचा पैसा. युद्धात तांबं लागायला लागलं, बाजारातली चिल्लर गडप झाली. गरजेपेक्षा जास्त चिल्लर साठवणं सरकारने गुन्हा ठरवून पाहिलं, पण आपल्या बायकांचे डबे तपासायला पोलीस कुठून आणणार? मग १९४३ पासून पैसा निघाला तो मधोमध भोक असलेला, वजनाने आधीच्या निम्म्याहून कमी. राजाचं डोकं जिथे असायचं तिथेच भोक पडल्यामुळे राजा गेला आणि नुसता मुकुट उरला. हे नाणं १९४७ पर्यंत पाडलं जात होतं. टांकसाळीला पुढचं दिसत होतं की काय कोण जाणे.

लोकांनी मात्र भोक पाहिलं आणि कामाला लागले. कुणी तो पोराच्या करदोड्यात ओवला, कुणी नटाखाली वॉशर म्हणून घातला, आणि हौशी मंडळींनी भोक वाढवून, कड ठोकून अंगठी केली. ही अंगठी घातली की संध्याकाळपर्यंत बोट हिरवं होतं. आमच्या सौं.चा या हिरव्या बोटाने भाजी वाढून घ्यायला विरोध आहे.

अशीच एक अंगठी सेलूकडच्या एका खेड्यात असल्याचं कळलं. त्या घराचा थोरला सत्याग्रहात, धाकटा फौजेत. वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ ला इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला, तेव्हा या घरातला एक भाऊ त्या ठरावाच्या बाजूने उपास करत होता आणि दुसरा इंग्रजांचा पगार घरी पाठवत होता. दोघांचंही घरात कौतुक होतं. पगाराचं थोडं जास्त.

आजी ओसरीवरच बसल्या होत्या. अंगठीचं विचारलं तर त्यांनी कोपऱ्यातला थोरल्याचा चरखा दाखवला. चाकाच्या आसावर, लाकूड आणि खिट्टीच्या मधोमध, धाकट्याची अंगठी! तेल आणि धूळ पुसल्यावर मुकुटाचा अर्धा भाग दिसला आणि त्याच्या शेजारी खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं. दुसरं उलटं.

“चाक लचकत होतं ना बापा, म्हून घातलं माह्या सासऱ्यानं. तवापासून बरोबर चालते.”

“आजी, ही मला द्याल का? पैसे देतो.”

“पैसे कायले? घेऊन जाय. पन आंधी त्याच्या जागी दुसरं काही बसवून दे. माहं सूत राह्यलं हाये.”

मी सेलूला हार्डवेअरच्या दुकानात आलो. एक वॉशर मागितला. दुकानदाराने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुटा वॉशर आपण विकत नाही असं सांगितलं. माप नेमकं ठाऊक नव्हतं म्हणून तीन मापांचे घ्यावे लागले, किलोवर. त्यातला एक आजींच्या चरख्याला चपखल बसला. आजींनी चाक फिरवून पाहिलं, कान लावून ऐकलं, तेव्हा कुठे अंगठी माझ्या हातावर आली.

उरलेले वॉशर घेऊन घरी आलो. सौं.नी पिशवी उचलून पाहिली, तोंड उघडून आत डोकावल्या आणि विचारलं, “हे कुठल्या लढाईतले?”