नवतपा आणि सहा फुटी पोरगा

गोंदियात बास्केटबॉल खेळणारे थोडे, बास्केटबॉलवर बोलणारे जास्त. त्यातही बोलण्याचा खरा हंगाम मे-जूनचा. नवतपा लागलेला असतो, पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, सिमेंटच्या कोर्टावर बूट घालूनही उभं राहवत नाही. मग कॉलेजचे संघ कुठे घडतात? जयस्तंभ चौकाकडे, चहाच्या टपरीवर. मी तिथला जुना गिऱ्हाईक.

"ऐकलं का जी, तो सहा फुटी आता आपला नाही राहिला."

"काहून?"

"नागपूरच्या कॉलेजनं उचलला. होस्टेल फ्री, मेस फ्री, वरून जोडे."

जोडे म्हटल्यावर टपरी गंभीर होते. होस्टेल, मेस ही तर बोलायची गोष्ट. जोडे म्हणजे प्रकरण पक्कं. पुरावा काय, तर पोरगा सकाळी बॅग घेऊन स्टेशनवर दिसला. आता गोंदिया पडलं जंक्शन. महाराष्ट्र एक्स्प्रेस इथून निघते ती कोल्हापूरला टेकते, हावड्याची लाइन इथूनच जाते. बॅग घेऊन स्टेशनवर दिसणं हा पुरावा धरला, तर अर्धं शहर नागपूरनं उचललेलं आहे! पुढे कळतं, की पोरगा तिरोड्याला मामाकडे आंबे खायला गेला होता. पण तोवर त्याच्या जागी कोण खेळणार यावरून टपरीवरच्या दोघांचं बोलणं बंद झालेलं असतं.

अमेरिकेत हेच काम रीतसर चालतं. तिथे २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' आहे. ज्याला कॉलेज बदलायचं त्यानं त्यात नाव टाकायचं, की बाकीची कॉलेजं फोन करायला मोकळी. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात. आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजच त्यांना थेट पैसे देऊ शकतं, सगळ्या खेळांचे मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे सगळं मी टपरीवर मोठ्या रंगात सांगितलं. एक काका शांतपणे म्हणाले, "आणि जोडे?"

तशी आम्हाला फोडाफोडी नवी नाही. वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या हंगामासाठी नट ठरवायला लागल्या, की कोण कोणाकडून फुटला याच्या अशाच बातम्या अर्जुनी-मोरगावपर्यंत येतात. फरक एवढाच, की त्या नाटकाला माणसं रात्रभर बसतात. आमच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला दोन संघ, पंच, आणि कोर्टाच्या कडेनं सायकल शिकणारं एक पोरगं.

मग ओढाताण कशासाठी? पोराला नागपूर विद्यापीठाचा कलर हवा असतो, म्हणजे विद्यापीठाच्या संघात जागा. बापाला प्रमाणपत्र हवं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, हे बापाला तोंडपाठ. त्यासाठी नेमक्या कोणत्या स्पर्धेत कितवं यावं लागतं, तो कागद मात्र घरात कोणीच वाचलेला नसतो. आणि पी.टी. सरांना हवी असते उंची. सर उन्हाळ्यात एकही लग्न चुकवत नाहीत. मांडवाच्या झालरीखालून वाकून येणारा पोरगा दिसला, की पंगत सोडून उठतात आणि त्याला बारावीचे मार्क विचारतात. नवरदेव उंच निघाला तेव्हा मी सरांचा चेहरा पाहिला आहे. आहेर द्यावा की प्रवेश अर्ज, हे त्यांचं ठरत नव्हतं.

जुलैत पाऊस आला की बातम्यांचा भाव पडतो. रोवणी लागते, निम्मा संघ बांधीत चिखलात उभा. ऑगस्टात प्रवेश आटोपले तेव्हा सहा फुटी इथेच होता, त्याच कॉलेजात, तेच जोडे घालून. पण कोर्टाकडे फिरकेना. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे १६०० मीटर पळतो म्हणे. सरांनी एका सकाळी त्याला मैदानावर गाठलं आणि काही न बोलता बॉल हातात दिला.

तो म्हणाला, "सर, गोळा असंल तर द्या ना."