नाव ठेवताय? आधी विचारा!

इंग्रजी व्याकरणातला एक नियम आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. विशेषणाआधी 'द' लावला की त्या गुणाच्या समस्त माणसांचं एक नाम तयार होतं. 'द रिच' म्हणजे श्रीमंत लोक, 'द पुअर' म्हणजे गरीब लोक, 'द ब्लाइंड' म्हणजे अंध लोक. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तेव्हा कोकणातल्या पालीच्या पोराला आणि पुण्याच्या पोराला हा नियम सारखाच भेटतो. रिकाम्या जागेत 'द' भरायचा, गुण घ्यायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

पुढचा खरा प्रश्न मात्र कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. हा 'द' माणसांचं करतो काय?

तो त्यांचा गठ्ठा बांधतो. 'द पुअर' हे कायम अनेकवचनी. त्यातून एकटा माणूस बाहेर काढून दाखवा. 'अ पुअर' म्हणता येत नाही, 'टू पुअर्स' चालत नाही. एका गरीब बाईबद्दल लिहायचं तर इंग्रजीला 'वूमन' हा शब्द परत आणावाच लागतो. म्हणजे माणूस हा शब्द गाळला तरच हा गठ्ठा बांधता येतो, हे खुद्द व्याकरणच सांगतं.

मराठीत 'द' नाही म्हणून आपण सुटलो, असं कुणी समजू नये. आपलं विशेषण 'द' शिवायच नाम होतं, आणि एकट्यादुकट्या माणसावरही जाऊन बसतं. 'तो बहिरा', 'ती वेडी', 'त्या लंगड्याच्या घराशेजारी'. गावात पत्ता विचारा, आजही अशी उत्तरं मिळतात. त्या माणसाला नाव असतं, आडनाव असतं, वाडी असते. तरी ओळख म्हणून आपण त्याचं उणं तेवढं पुढे करतो. हे चुकीचंच आहे.

'असोसिएटेड प्रेस' ही अमेरिकेतली मोठी वृत्तसंस्था. तिची शैलीपुस्तिका तिथले पत्रकार प्रमाण मानतात. जानेवारी 2023 मध्ये या संस्थेनं ट्विटरवर सल्ला दिला की 'द पुअर', 'द डिसेबल्ड', 'द फ्रेंच' अशी सरसकट लेबलं टाळावीत, त्यांमुळे अनेकदा माणसाचं माणूसपण हिरावलं जातं. यादीत 'फ्रेंच' बघून जग हसलं. अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासानं ट्विटरवर आपलं नाव बदलून थट्टेनं 'फ्रेंचपणाचा दूतावास' असं केलं. संस्थेनं ते ट्विट काढून टाकलं, माफी मागितली, विषय मिटला.

पण त्याच यादीत गरीब होते. त्यांचा दूतावास कुठे आहे? आपल्या नावाबद्दल आपलं काय म्हणणं आहे, हे फ्रेंचांनी जगाला लगेच ऐकवलं. गरिबांना कुणी विचारलंच नाही. सल्ला देणाऱ्यांनी नाही आणि हसणाऱ्यांनीही नाही.

विचारलं तर उत्तर आपल्या अंदाजाबाहेरचं येऊ शकतं. अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघानं 1993 मध्ये ठराव करून लांबलचक, सौम्य शब्दप्रयोग नाकारले. आम्हाला सरळ अंध म्हणा, त्यात लाज वाटावी असं काही नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे शब्द वरून आला. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मधून 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेक संघटनांनी हरकत घेतली. दिव्यत्व नको, हक्क द्या, असं त्या सांगत होत्या. हरकत बाजूला राहिली आणि शब्द सरकारी कागदांवर रूढ झाला.

आता आपल्या दारातलं उदाहरण. गणपतीच्या आधी मुंबईहून निघालेल्या गाड्या पालीवरून लांजा-राजापूरकडे जातात. त्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या 'चाकरमानी' म्हटलं गेलं. 2025 च्या गणेशोत्सवाआधी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी कामकाजात या शब्दाऐवजी 'कोकणवासीय' वापरण्याचे निर्देश दिले. 'चाकर' हा शब्द कमीपणा आणणारा वाटतो, अशी कोकणातल्या संघटनांची तक्रार होती. निदान इथे मागणी ज्यांचं नाव त्यांच्यातूनच आली, हे चांगलं झालं.

तरी माझं मत स्पष्ट आहे. 'चाकरमानी' या शब्दात मुंबईच्या गिरणगावातल्या खोलीत दाटीनं राहून गावाला मनिऑर्डर पाठवणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी गावाकडे येणारी वाट त्यांनी सोडली नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत हा शब्द आजही मायेनं आणि अभिमानानं उच्चारला जातो. तो कुणाला नको असेल तर त्याला त्या नावानं हाक मारू नका. ज्याला हवा आहे त्याच्या तोंडून तो काढूनही घेऊ नका. आणि सरकारला या माणसांचा मान राखायचाच असेल, तर त्यांना ज्या रस्त्यानं यायचं आहे तो मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण करावा. चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रखडलं आहे. शब्द बदलायला एक निर्देश पुरतो. रस्त्याला काम करावं लागतं.

म्हणून तीन मागण्या. शिक्षकांनो, 'द पुअर' जरूर शिकवा, परीक्षेला तो लागतो. पण त्याच तासाला हेही सांगा की या गठ्ठ्यात वर्गातल्याच एखाद्या मुलाचं घर असू शकतं. पत्रकारांनो, 'गरीब', 'अपंग', 'मनोरुग्ण' असा मथळा करण्याआधी त्यातल्या एकाशी तरी बोला आणि बातमीत त्याचं म्हणणं येऊ द्या. वाचकहो, शेजाऱ्याला त्याच्या नावानं हाक मारा. त्याच्या पायाबद्दल, कानाबद्दल किंवा खिशाबद्दल बोलायची वेळ आलीच, तर कुठला शब्द वापरायचा ते त्यालाच विचारा.

नाव ज्याचं, निर्णय त्याचा.