ओझं आमचं, विमान कुणाचं?

जगातलं सगळ्यात मोठं मालवाहू विमान जन्माला कसं आलं? सोव्हिएत संघाला आपलं 'बुरान' हे अवकाशयान पाठुंगळी घेऊन हिंडणारं काहीतरी हवं होतं. म्हणून एएन-२२५ बांधलं. सहा इंजिनं, ३२ चाकं, उड्डाणाच्या वेळी वजन ६४० टनांपर्यंत. बुरान अवकाशात गेलं एकदाच, नोव्हेंबर १९८८ मध्ये. विमान पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९८८ मध्ये.

नियोजन आयोग काय फक्त आपल्याकडेच होता?

पुढे देश मोडला, विमान कोपऱ्यात गेलं, त्याची इंजिनं काढून एएन-१२४ या धाकट्या भावंडांना लावली. २००१ मध्ये ते पुन्हा उडालं. मे २०१६ मध्ये एक अवजड जनित्र प्रागहून पर्थला नेताना हैदराबादला टेकलं, तेव्हा आपणही कौतुकाने माना वर केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर लढाईत ते जळालं. जगभर हळहळ झाली. याच जातीच्या दुसऱ्या विमानाचा अर्धवट सांगाडा सोव्हिएत काळापासून पडून आहे. तो पूर्ण कुणी केला?

हळहळायला पैसे पडत नाहीत.

अवजड विमानांचं दुखणं हे असं आहे. लग्नघरातल्या मोठ्या पातेल्यासारखं ते सगळ्यांना लागतं, विकत कुणालाच नको असतं. जगातली जवळपास निम्मी हवाई मालवाहतूक प्रवासी विमानांच्या पोटातून होते. तुम्ही खिडकीसाठी भांडत असता, तेव्हा तुमच्या पायाखाली कुणाचे तरी मोबाइल आणि औषधं चाललेली असतात. उरलेली खोकी मालवाहू जेट नेतात आणि खरं अवजड सामान बोटीने जातं. मग शंभर टनांचा एकच नग आजच्या आज हवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक वर्षातून किती वेळा येणार? त्याच्यासाठी कारखाना कोण चालवणार?

म्हणून नाटोने काय केलं? भाड्याने घेतली. २००६ पासून जर्मनीतल्या लाइपझिगला एएन-१२४ विमानं दिमतीला ठेवली. अफगाणिस्तानातलं युद्ध नाटोचं, सामान नाटोचं, विमानं सोव्हिएत बनावटीची. ती पुरवणाऱ्यांत एक कंपनी युक्रेनची आणि एक चक्क रशियाची. ज्याच्या भीतीने संघटना काढली, त्याच्याच गाडीतून सामान न्यायचं. रशियन कंपनी यातून बाहेर पडली २०१८ च्या अखेरीस. तोवर क्रिमिया घेऊन चार वर्षं झाली होती.

तत्त्वं आपल्या जागी, टनेज आपल्या जागी.

एएन-१२४ आता नव्याने होतही नाही. जुळणी कीव आणि उल्यानोव्स्कला, इंजिनं झापोरिझ्झियाची. म्हणजे अर्धा कारखाना युक्रेनमध्ये, अर्धा रशियात. त्या दोघांचं काय चाललंय, ते रोज वाचताच. त्याच रशियन कंपनीचं एक एएन-१२४ फेब्रुवारी २०२२ मध्ये कोविड चाचणीचं सामान घेऊन टोरोंटोला उतरलं. त्याच दिवशी कॅनडाने रशियन विमानांना आकाश बंद केलं. मग पार्किंगचं मीटर सुरू झालं, दिवसाला हजारावर कॅनडियन डॉलर. २०२३ मध्ये सरकारने विमानच जप्त केलं.

आपल्याकडे निदान जॅमर काढून देतात.

अमेरिकेकडे सी-१७ आहे. ७७ टन उचलतं आणि आखूड, कच्च्या धावपट्टीवरही उतरतं. बोइंगने त्याची नागरी आवृत्तीही देऊ केली. एकाही मालवाहू कंपनीने घेतली नाही. कच्च्या धावपट्टीवर उतरण्याची ताकद लष्कराला लागते, कुरिअरवाल्याला नाही, आणि त्या ताकदीचं इंधन कोण भरणार? लष्करांची मागणी आटली, तसा २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा कारखाना बंद झाला. एकूण विमानं निघाली २७९.

कारखाना बंद होतो, सुट्या भागांचं दुकान चालूच राहतं. २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी हिशेब तपासला, तर सी-१७ च्या स्वच्छतागृहातला साबणाचा डिस्पेन्सर बाजारभावाच्या ८० पट दराने घेतलेला. आमच्या विमानातले भाग आणि बाजारातले भाग यांची अशी तुलनाच चुकीची, असं बोइंगचं म्हणणं. असेलही. वाहत्या गंगेत हात धुऊन घेतात हे ठाऊक होतं. साबणासकट धुतात हे नवीन.

आता आपण. २०११ मध्ये आपण दहा सी-१७ मागवली, आणखी सहा घेण्याची मुभा ठेवून. विमानं आली, दिल्लीजवळ हिंडनला राहिली. २०१६ मध्ये कॅगने ताशेरे ओढले की विमानाचा पुरेपूर वापर होत नाही, कारण पेलणाऱ्या धावपट्ट्या आणि जमिनीवरची साधनं पुरेशी नाहीत. विमान आधी, अंगण मागाहून. त्या सहांचं काय? आपला विचार होईपर्यंत कारखान्याला कुलूप लागलं होतं. गिऱ्हाईक न मिळालेलं एक विमान उरलं होतं, ते २०१९ मध्ये पदरात पडलं.

अकरावर गाडी थांबली.

या अकरांनी काम कमी केलं, असं मात्र कुणी म्हणू नये. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याहून ऑक्सिजनचे रिकामे टँकर पोटात घेऊन सी-१७ जामनगरला गेलं. रिकामेच, कारण भरलेला टँकर हवेतून नेणं धोक्याचं. भरून यायचे ते जमिनीवरून. निम्म्या वाटेचा वेळ वाचला, आणि त्या आठवड्यात निम्मी वाट म्हणजे काय, हे रुग्णालयाबाहेर उभं राहिलेल्यांना विचारा. लडाखला रणगाडे नेले, दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते आणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनेही आपलं एक सी-१७ अमृतसरला धाडलं. त्यात होते १०४ भारतीय, बेड्यांत. साधं भाड्याचं विमान स्वस्त पडलं असतं.

पण त्याचे फोटो असे आले नसते.

मग आपण स्वतः बनवायचं का? प्रयत्न झालाय की! २००७ मध्ये रशियाबरोबर करार झाला, २०१० मध्ये संयुक्त कंपनी निघाली, कंपनीला नावही मिळालं. विमान राहून गेलं. चीनचं वाय-२० जानेवारी २०१३ मध्ये उडालं आणि २०१६ मध्ये हवाई दलात दाखलही झालं. आपण २०२२ मध्ये काय करत होतो? सी-२९५ या वाहतूक विमानाचा कारखाना नागपूरच्या मिहानऐवजी वडोदऱ्याला गेला कुणामुळे, यावर सत्ताधारी आणि विरोधक, दोन्ही बाजूंच्या पत्रकार परिषदा ऐकत होतो. ते विमान उचलतं सुमारे नऊ टन. पत्रकार परिषदांचं वजन त्याहून जास्त भरलं असतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात हवाई दलाने नव्या वाहतूक विमानासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. क्षमता हवी १८ ते ३० टन. आपला टी-९० रणगाडा ४६ टनांचा.

घाबरू नका, त्यावरही उपाय आहे. 'जोरावर' नावाचा नवा हलका रणगाडा तयार होतोय. डोंगरात असाच लागतो हे खरंच. वजन, २५ टन.