अल्पजठरी आणि आग्रह

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाने उपाहारगृहात कसे जेवावे, या विषयावर आजवर जे लिहिले गेले आहे ते बहुतेक सगळे जठराच्या बाजूने लिहिलेले आहे. टेबलाच्या बाजूने फारसे कोणी लिहिलेले नाही. रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत प्रथिने किती घ्यावीत, घास किती वेळा चावावा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर कशा चालू ठेवाव्यात हे सविस्तर सांगितलेले असते. परंतु अर्ध्याहून अधिक ताट शिल्लक असताना वेटर चिंतातुर मुद्रेने येऊन उभा राहिला तर काय करावे, किंवा पुण्याहून पाहुणी आलेली मावशी आपल्या पानातला तुकडा भाच्याच्या पानात सरकवू लागली तर तिला कोणत्या ग्रंथाचा आधार दाखवावा, याविषयी ती पुस्तिका मौन पाळते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही उणीव निदान आयर्लंडमधील डंडॉक या एका गावापुरती भरून काढणे हा आहे. सोयीसाठी अशा भोजकाला येथे ‘अल्पजठरी’ म्हटले असून, त्याचा संयम स्वभावातून आलेला नसून टाक्यांतून आलेला आहे, हे आरंभीच नोंदवणे न्याय्य ठरेल.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. पहिल्यात, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी अरुंद नळी राहते. दुसऱ्यात, म्हणजे गॅस्ट्रिक बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न मूळ जठराला वळसा घालून पुढे जाते. बायपासचे तंत्र अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात पुढे आणले, आणि भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधून काढले. हे संप्रेरक जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात मुख्यतः तयार होते तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जात असल्यामुळे रुग्णाची भूक बरीच मंदावते. मात्र भूक गेली म्हणजे खाण्याची इच्छाही गेली, असा निष्कर्ष काढणाऱ्याने मराठी माणूस जवळून पाहिलेला नसावा, कारण लग्नाच्या पंगतीत चौथी जिलेबी कोणीही भुकेपोटी घेत नाही. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि तरीही नागपूरकर खवय्या म्हणून त्यांची ख्याती पूर्वीइतकीच अबाधित आहे; प्रमाण घटले म्हणून रसिकता घटत नाही, या विधानाला यापेक्षा सर्वपरिचित दाखला महाराष्ट्रात सापडणे कठीण.

डंडॉक हे लाउथ परगण्याचे मुख्य ठिकाण डब्लिन आणि बेलफास्ट यांच्या साधारण मध्यावर, उत्तर आयर्लंडच्या सीमेला खेटून वसलेले आहे. तेथील जेवणाची परंपरा अल्पजठरीच्या दृष्टीने अत्यंत प्रतिकूल, म्हणजेच अत्यंत उदार आहे. तिचे सर्वोच्च रूप कार्व्हरी या प्रकारात पाहावयास मिळते. कार्व्हरी म्हणजे पबमध्ये किंवा हॉटेलात दुपारच्या वेळी, विशेषतः रविवारी, गरम काउंटरमागे उभा असलेला आचारी भाजलेल्या मांसाच्या मोठ्या तुकड्यातून समोरच काप काढून देतो ती पद्धत. ताट हाती येते तेव्हा त्यात टर्कीचे काप, त्यांवर हॅमचे काप, त्यांच्या कुशीत पावाच्या चुऱ्याचे मसालेदार सारण, शेजारी कुस्करलेल्या बटाट्याचा ढीग, त्या ढिगाला टेकून भाजलेले अखंड बटाटे, उरलेल्या फटीत गाजर आणि कोबी, आणि या सर्व रचनेवरून काठापर्यंत वाहणारी तपकिरी ग्रेव्ही असते. भाजलेला बटाटा हा कुस्करलेल्या बटाट्याचे तोंडीलावणे म्हणून घ्यायचा असतो की उलट, याचा निर्णय बाहेरच्या अभ्यासकाला सहजी करता येत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, हे ताट अल्पजठरीसमोर आले असता त्याच्या जठराची आणि त्या ताटाची गाठ पडणे हा मुळातच विषम सामना असतो, आणि त्याचा निकाल चौथ्या-पाचव्या घासाला लागलेला असतो.

अशा परिस्थितीत मेनूकार्ड वाचणे ही एक स्वतंत्र विद्या ठरते. सर्वसाधारण गिऱ्हाईक मेनू वरून खाली वाचते. अल्पजठरी मात्र पहिल्या भागातच मुक्काम ठोकतो, कारण ज्याला तेथे स्टार्टर म्हणतात ते त्याचे संपूर्ण भोजन असते. मासे आणि शिंपले घालून केलेले दाटसर सी-फूड चाउडर, त्यासोबत येणारा ब्राउन ब्रेड तेवढा बाजूला सारल्यास, जणू शल्यविशारद आणि आचारी यांनी एकत्र बसून ठरवल्यासारखे वाटते. तसेच जवळच्या कार्लिंगफोर्डच्या खाडीतली प्रसिद्ध कालवे, जी आकाराने लहान, प्रथिनांनी युक्त आणि सहा मागवली तरी कोणाच्या भुवया न उंचावणारी असतात. लहान मुलांच्या मेनूचा मोह मात्र टाळावा. प्रमाण लहान म्हणून तो सोयीचा असेल, असा तर्क प्रथमदर्शनी बिनचूक वाटतो, परंतु त्यात नगेट्स, सॉसेजेस आणि चिप्स यांखेरीज फारसे काही नसते, म्हणजे आहारतज्ज्ञाने ज्या पदार्थांवर फुली मारलेली असते त्यांचीच ती यादी असते; शिवाय बारा वर्षांखालील ही अट पन्नाशीच्या गृहस्थाने स्वतःला लावून घेणे सर्वांनाच अवघड जाते.

मेनूवर कायद्याने काय छापावे, या प्रश्नाला आयर्लंडमध्ये एक मालवणी पदर आहे, हे येथे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. ज्यांच्या वडिलांचे गाव सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले वराड, ते लिओ वराडकर पंतप्रधान होण्यापूर्वी आरोग्यमंत्री होते, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या या मंत्र्यांनी २०१५ मध्ये प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक छापणे सक्तीचे करणारा कायदा आणण्याचा बेत जाहीर केला होता. तो बेत त्यांच्या कारकिर्दीत तरी कायद्यापर्यंत पोचला नाही. सोलकढीच्या मुलखाशी नाते असलेल्या माणसाने असा बेत मनावर घ्यावा याचे आश्चर्य वाटते, आणि तो तडीस गेला नाही याचे वाटत नाही. युरोपीय नियमांनुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची लेखी माहिती तेवढी उपाहारगृहाला द्यावीच लागते. त्यामुळे मेनूवर पदार्थापुढे लहान लहान आकडे दिसतात, आणि मोहरीपासून सेलरीपर्यंत सर्वांना आकडा आहे, पण ‘हे फार आहे’ या घटकाला अद्याप आकडा मिळालेला नाही.

आता प्रत्यक्ष भोजनाकडे वळावे. घास नखाएवढा घ्यावा, वीस-तीस वेळा चावावा, जेवताना पाणी पिऊ नये आणि नंतरही अर्धा तास पिऊ नये, हे नियम सर्वत्र सारखे आहेत. त्यामुळे टेबलावर आलेला पाण्याचा जग हा अल्पजठरीपुरता शोभेचा असतो. तृप्तीची सूचनाही त्याला निराळ्या मार्गाने मिळते. इतरांना ढेकर येतो, तर अशा पुष्कळ रुग्णांना एकाएकी उचकी लागते, नाकातून पाणी येते किंवा सणसणीत शिंक येते, आणि ती शेवटची सूचना मानून काटा खाली ठेवावा लागतो. पुढचा एक घास घेतल्यास छातीत अडकल्याची वेदना, तोंडात फेस आणि प्रसाधनगृहाकडे घाईने प्रस्थान असा क्रम ठरलेला असतो. चांगल्या चाललेल्या जेवणात माशी शिंकते असे मराठीत म्हणतात, परंतु येथे शिंकणारा स्वतः जेवणाराच असल्यामुळे दोष माशीवर ढकलता येत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, जठराची ही नवी व्यवस्था गुणावगुण पाहून वागत नाही. कोंबडीचा सुका काप, पोळी, नान, भात असले सभ्य पदार्थ दारातच अडकतात, तर कुरकुरीत, विरघळणारे आणि निरुपयोगी पदार्थ विनासायास आत जातात. रुग्णांच्या बोलीत त्यांना ‘स्लायडर’, म्हणजे घसरून जाणारे, असे नाव आहे. भारतीय उपाहारगृहात गेल्या गेल्या चटण्यांच्या वाट्यांसह येणारी पापडांची चवड हे याचे उत्तम उदाहरण होय, कारण तंदुरी कोंबडीचा एक तुकडा ज्या अल्पजठरीला पुरून उरतो तोच पापड मात्र चारही खाऊ शकतो. डंडॉकच्या रहिवाशाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण गावाबाहेरच्या ज्या सीमेवर एके काळी जकातनाके आणि लष्करी चौक्या होत्या तेथून आता न्यूरीच्या बाजारात जाणाऱ्याला कोणी हटकत नाही. पापडाला मिळणारी वागणूक तीच आहे, आणि कोंबडी अजून जुन्या काळातच वावरते आहे.

गोडाचा प्रश्न, विशेषतः बायपास झालेल्यांच्या बाबतीत, न्यायदानाच्या दृष्टीने मनोरंजक आहे. साखर त्या चिमुकल्या पिशवीतून झरझर आतड्यात उतरली की तेथे पाणी खेचले जाते आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, मळमळ आणि जुलाब यांचा जो एकत्रित प्रसाद मिळतो त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. स्टिकी टॉफी पुडिंगसारख्या पदार्थाचे पाप पूर्वी कमरेवर दिसण्यास काही महिने लागत, आता त्याचा निकाल बिल येण्याच्या आत लागतो. मद्याचेही तसेच आहे: ज्या गावात १९६० पासून हार्प नावाची बिअर तयार होऊ लागली, त्या गावात फेसाळ पेय वर्ज्य आणि इतर मद्य पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर चढणारे, ही अवस्था काही जणांना काटकसरीची वाटली तरी डॉक्टरांना ती मुळीच विनोदी वाटत नाही.

परंतु या सर्व अडचणी अखेर शरीराच्या आहेत, आणि शरीर काही महिन्यांत शिकते. जे शिकत नाही ते भोवतालचे जग. शस्त्रक्रिया जठरावर होते. आग्रहावर अजून कोणी करून दाखवलेली नाही. या बाबतीत आयरिश आणि मराठी या दोन संस्कृती इतक्या सख्ख्या आहेत की त्यांची ताटातूट केव्हा झाली असावी, हा संशोधनाचा विषय ठरावा. दोहोंतही पहिला नकार हा केवळ शिष्टाचार समजला जातो, दुसरा संकोच समजला जातो आणि तिसऱ्यापर्यंत पदार्थ पानात पडलेला असतो. १९९५ ते १९९८ या काळात गाजलेल्या ‘फादर टेड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील मिसेस डॉयल ही घरकामवाली बाई पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय सोडतच नाही, आणि त्या पात्रावर सारा आयर्लंड हसला तो ओळख पटल्यामुळेच; सदाशिव पेठेत हेच पात्र दाखवले असते तर त्यात विनोद काय आहे, असा प्रश्न पडला असता. डंडॉकचा वेटर ‘सगळं ठीक आहे ना?’ असे विचारतो तेव्हा त्याच्या स्वरात सौजन्य कमी आणि आचाऱ्याच्या भवितव्याची काळजी अधिक असते. शस्त्रक्रियेमुळे लहान प्रमाणात वाढावे, अशी विनंती छापलेली कार्डे काही देशांत रुग्णांना दिली जातात. परंतु कार्ड दाखवताच वेटरचा आवाज खाली येतो आणि चारचौघांत जेवायला बसलेल्या माणसाला एकाएकी रुग्णालयात भेटायला आल्यासारखे पाहिले जाते, म्हणून त्यापेक्षा ‘दुपारी उशिरा जेवण झालं’ हे निरुपद्रवी असत्य अनेकांना श्रेयस्कर वाटते.

आग्रहाचे गांभीर्य ज्याला पटत नसेल त्याने डंडॉकच्या परिसरातीलच कू खुलिन या पुराणवीराची कथा पाहावी. त्याच्यावर दोन बंधने होती: कुत्र्याचे मांस खायचे नाही, आणि कोणी चुलीवरचे अन्न देऊ केल्यास ते नाकारायचे नाही. शेवटच्या लढाईला निघाला असता वाटेत तीन म्हाताऱ्यांनी त्याला नेमके कुत्र्याचेच मांस देऊ केले, आणि गरिबाघरचे म्हणून नको म्हणतोस का, असे हिणवल्यावर त्याने ते खाल्ले. त्याचे बळ ओसरले, आणि उभ्याने मरण यावे म्हणून त्याने ज्या शिळेला स्वतःला बांधून घेतले, असे सांगतात, ती क्लोखाफारमोरची शिळा गावाजवळच नॉकब्रिजच्या शेतात आजही उभी आहे. सैन्याने जे साधले नाही ते म्हाताऱ्यांच्या आग्रहाने साधले. आपल्याकडच्या मावश्या-आत्यांचे सामर्थ्य जाणणाऱ्या वाचकाला या कथेत अतिशयोक्तीचा अंश फारसा आढळणार नाही.

तरीही अल्पजठरीला उपाहारगृहात खरा आनंद मिळतो, आणि तो इतरांहून कमी नसतो, असे मानण्यास शास्त्रीय आधार आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, एखादा पदार्थ खाल्ला जात असताना त्या विशिष्ट पदार्थाची गोडी उतरत जाते; याला संवेदनाविशिष्ट तृप्ती म्हणतात. पहिल्या काही घासांना जी चव असते ती पुढच्या घासांना नसते, आणि सामान्य भोजक उरलेले ताट संपवतो ते पैसे दिले म्हणून किंवा पानात टाकू नये या संस्कारामुळे. अल्पजठरी केवळ पहिलेच घास खातो, तेही सावकाश, आणि चाउडरमध्ये बडीशेपेची पाने आहेत की शेपूची, हे सांगू शकणारा टेबलावरचा तो बहुधा एकटाच असतो. दरडोई खर्चाऐवजी दरघास खर्च काढल्यास हिशेब डोळे पांढरे करणारा निघतो खरा, पण उरलेले बांधून घेण्याची सोय डंडॉकमध्ये सर्रास असल्यामुळे कार्व्हरीचे एक ताट त्याला मंगळवारपर्यंत पुरते.

मात्र ते घरापर्यंत पोचेलच असे नाही. डंडॉकच्या तंत्रशिक्षणसंस्थेत भारतातून विद्यार्थी येतात, आणि घरभाडे भरल्यावर उरलेल्या पैशांत कार्व्हरी न बसणाऱ्या अशा एखाद्या मराठी मुलाला मंडळींनी रविवारी सोबत जेवायला नेले, तर तो अल्पजठरीच्या शेजारची खुर्ची अचूक हेरतो. बाकीचे ‘अहो, एवढंच?’, ‘निदान एक बटाटा तरी’ असा धोशा लावून बसलेले असताना वैद्यकीय सल्ल्याची बाजू घेणारा तो एकमेव माणूस असतो. ‘काका, बळंच खाऊ नका हं, त्रास होईल,’ असे तो अत्यंत कळकळीने सांगतो, आणि पहिली शिंक येताच ताट स्वतःकडे ओढून घेतो.